रात्रभर भिजत घाला!

बागकामाचा विषय निघाला की आपल्याकडे प्रत्येकाला एक वाक्य हमखास पाठ असतं : "बी रात्रभर भिजत घाला." मटकी असो, वाल असोत की गोकर्णीचं बी असो, औषध एकच! आमचे शेजारी निवृत्त मामलेदार, आमचे हेड कॅशियर आणि बियांच्या पाकिटामागे बारीक टाइपात लिहिणारा तो अज्ञात लेखक हे तिघेही ह्याच पक्षाचे. मी ह्या पक्षाच्या विरोधात उभा आहे. डिपॉझिट जप्त झालं तरी बेहत्तर!

कारण सांगतो. आमच्या कोकणातल्या घराचं कुंपण पडलं आणि त्यावरची निळी गोकर्णी गेली. उरल्या त्या आईच्या डबीतल्या अकरा बिया. आई आता आमच्याकडे असते. शंकराला वाहायला बाजारची फुलं तिला चालतात, पण आवडत नाहीत. म्हणून बिया रात्रभर भिजवल्या. सकाळी पाहतो तो होत्या तशाच, फक्त आंघोळ झालेली! "आणखी एक रात्र ठेवा," मामलेदार म्हणाले. ठेवली. तिसऱ्या दिवशी हेड कॅशियर म्हणाले, "गरम पाण्यात टाका." किती गरम, किती वेळ, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार बिया चहाच्या पातेल्यात चांगल्या पाच मिनिटं उकळल्या. फुगल्या मात्र झकास! मग कुंडीत सडून गेल्या.

अहो, गोकर्णी, कर्दळ, कमळ ह्यांच्या बियांचं कवच पाणी आत घेतच नाही, ही खरी गोम. कोंब आत जिवंत असतो, पण शटर बंद. शटरबाहेर गिऱ्हाईक रात्रभर उभं केलं, तर सकाळी त्याचे पैसे खात्यात जमा होतात का? अर्जेंटिनात एका जुन्या खुळखुळ्यात कर्दळीचं बी सापडलं, सुमारे 550 वर्षांपूर्वीचं. ते उगवल्याची हकीकत 1968 साली 'नेचर'मध्ये आली. ईशान्य चीनमधल्या जुन्या सरोवराच्या गाळातलं कमळाचं एक बी तर सुमारे 1300 वर्षांचं निघालं, आणि तेही उगवलं. एवढ्या मुदतीची ठेव आमच्या बँकेत नाही! आता बोला. शतकानुशतकं गाळात राहून ज्याला पाझर फुटला नाही, ते आमच्या वाटीत एका रात्रीत विरघळणार?

त्याला खरवडावंच लागतं. बारीक कानस, पॉलिशपेपर, नाहीतर नेलकटर. (आमच्याकडे नेलकटरवरून दोन दिवस अबोला होता.) बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं, त्या डागाच्या बाजूला हात लावायचा नाही, कोंब तिथे असतो. पलीकडच्या बाजूला काळ्या सालीखालचा फिकटपणा डोकावला की थांबायचं. आणि *मग* भिजवायचं, आठ-दहा तास. फुगेल ते पेरा, फुगणार नाही ते पुन्हा घासा. गरम पाणीही चालतं, पण विस्तवावरून उतरवून बियांवर ओतायचं आणि निवू द्यायचं. हा खुलासा हेड कॅशियरांनी वेळेवर केला असता तर चार जीव वाचले असते! झेंडूला मात्र कानस दाखवू नका. तो बिचारा नुसत्या ओल्या मातीत उगवतो.

"निसर्गात कोण कानस घेऊन फिरतं हो?" हा मामलेदारांचा हुकमी सवाल. कबूल. वळवाच्या पहिल्या सरीला सगळंच बी उगवलं आणि मग पाऊस दडी मारून बसला, तर वंशच बुडायचा. म्हणून काही बी यंदा, काही पुढच्या साली. निसर्गाला घाई नाही. त्याच्याकडे बिया हजारो आणि वर्षंही हजारो. माझ्याकडे बिया सात, आणि आई 81 वर्षांची.

सातांपैकी पाच उगवल्या. मी विजयी मुद्रेने आईला गॅलरीत नेलं. तिने कोंब न्याहाळले, कानस न्याहाळली.

"एवढं काय करायचं त्यात? मी तर कुंपणाशी नुसत्या फेकायचे."

"त्यातल्या किती उगवायच्या?"

"मोजत कोण बसलं होतं? मी काय बँकेत होते?"