स्पार्टाची शिस्त

ग्रीस देशाच्या दक्षिण भागात, युरोटास नदीच्या काठी, प्राचीन काळी स्पार्टा नावाचे एक नगरराज्य होते. शिस्त आणि शौर्य यांचा विषय निघाला, की आजही त्याचे नाव आदराने घेतले जाते. हा आदर कितपत योग्य आहे, हे ठरविण्यापूर्वी त्या नगराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

स्पार्टातील नागरिकाचा मुलगा सात वर्षांचा झाला, की त्याचे घर सुटे. पुढील शिक्षण राज्याच्या देखरेखीखाली, बरोबरीच्या मुलांच्या पथकात होई. अनवाणी चालावयाचे, वर्षभर एकाच वस्त्रावर राहावयाचे, नदीकाठचे बोरू हातांनी मोडून त्यांच्या शय्येवर निजावयाचे, असा त्याचा नित्यक्रम असे. जेवण मुद्दामच बेताचे मिळे. बोलणे थोडके पण नेमके असावे, असा दंडक होता. मुलींनाही धावणे, कुस्ती आणि भालाफेक शिकवीत. इतर ग्रीक नगरांत हे दुर्मिळ होते. प्रौढ नागरिक एकत्र पंगतीला बसून साधे अन्न खात. नगराला तटबंदी नव्हती. शूर नागरिक हाच आपला तट, अशी त्यांची श्रद्धा होती.

ही श्रद्धा पोकळ नव्हती. इ. स. पूर्वी ४८० मध्ये पर्शियाचे प्रचंड सैन्य ग्रीसवर चालून आले, तेव्हा थर्मोपिलीच्या खिंडीत राजा लिओनिडास आपल्या ३०० स्पार्टन वीरांसह लढला आणि तेथेच धारातीर्थी पडला. थेस्पिया नगराचे सुमारे ७०० योद्धेही त्याच्याबरोबर अखेरपर्यंत लढले. या पराक्रमापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. सारे नागरिक आयुष्यभर शस्त्रविद्याच शिकत राहिले, तर शेत नांगरीत कोण होते? ते काम हेलॉट करीत. हेलॉट हेही ग्रीकच होते. पण स्पार्टाने त्यांची भूमी जिंकून त्यांना दास केले होते. त्यांची संख्या नागरिकांच्या कित्येक पट होती. त्यांनी बंड करू नये, म्हणून स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत. म्हणजे हेलॉटाला मारले, तरी पाप लागत नसे! थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने एक भयंकर हकीकत नमूद केली आहे. युद्धात शौर्य गाजविणाऱ्या हेलॉटांनी पुढे यावे, त्यांना मुक्त केले जाईल, असे एकदा जाहीर झाले. सुमारे २००० जण निवडले गेले. पुष्पमुकुट घालून ते आनंदाने देवालयांभोवती फिरले. आणि नंतर ते सारे नाहीसे झाले. ते कसे मारले गेले, हेही कोणाला कळले नाही.

इतर ग्रीक नगरांतही दास होते, हे खरे. परंतु स्पार्टाची सारी जीवनपद्धतीच हेलॉटांना दाबून ठेवण्यासाठी घडली होती. ज्या शिस्तीचे कौतुक होते, तिच्या मुळाशी भय होते.

अशी शिस्त फार काळ तारू शकली नाही. सामुदायिक पंगतीचा वाटा ज्याला देता येत नसे, त्याचे नागरिकत्व जाई. त्यामुळे नागरिकांची संख्या घटत गेली. इ. स. पूर्वी ३७१ मध्ये ल्युक्ट्राच्या रणांगणावर थीब्ज नगराच्या सैन्याने स्पार्टाचा पराभव केला. तेथे लढणाऱ्या सुमारे ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले. पुढे लवकरच थीब्जचा सेनापती एपॅमिनोंडास याने मेसीनियातील हेलॉटांना मुक्त केले. त्यानंतर स्पार्टाला पूर्वीचे वैभव पुन्हा कधीही लाभले नाही.

काटकपणा, मितभाषण, साधी राहणी हे गुण स्पार्टाकडून अवश्य घ्यावेत. मात्र जी शिस्त दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवते, ती शेवटी स्वतःलाही मोकळे राहू देत नाही. स्पार्टाचा तट माणसांचा होता. पण त्या तटाच्या आत अन्याय नांदत होता, आणि त्याच्यावर पहारा करण्यातच त्या शूर नगराचे आयुष्य सरले.