कासारसाईची ओळख कोण लिहिणार?

कासारसाई, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. हिंजवडीचे आयटी पार्क मागे टाकून नेरे गावावरून पुढे गेले की काही किलोमीटरवर हे गाव लागते. कोणालाही या गावाची ओळख विचारा, उत्तर ठरलेले आहे. आधी धरण. धरणाकाठचे तंबू, शनिवार-रविवारच्या सहली, सूर्यास्ताचे फोटो. मग 'हिंजवडीपासून अवघ्या काही मिनिटांवर' म्हणून विकले जाणारे फार्महाऊसचे प्लॉट. त्यानंतर कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना. आणि शेवटी ठेवणीतले वाक्य : गाव निसर्गसंपन्न असून लोक एकोप्याने राहतात.

मित्रांनो, या ओळखीत माणसे कुठे आहेत? धरण आहे, प्लॉट आहेत, कारखान्याचे धुराडे आहे. पण ऊस तोडणारे हात नाहीत, वस्ती नाही, मजूर नाही. गावाची ओळख ही निरुपद्रवी माहिती नसते. गाव कोणाचे, याचा तो निवाडा असतो. जो त्या ओळखीत नाही तो पुढे हिशेबात नसतो, वाटणीत नसतो आणि गावाचे शहर होते तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीतही नसतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयीचा भाबडा उमाळा धुडकावला होता. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, म्हणून संविधानाचा घटक गाव नसून व्यक्ती असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याआधी १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना प्रतिनिधित्व नसलेल्या पंचायतीला विरोध केला होता. आज काही लोक विचारतात, "आता गावात जात राहिली कुठे? हिंजवडीत देशभरातली माणसे राहतात. कोण कोणाची जात विचारतो?" हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा गावाचा नकाशा आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून पाहावा. जात पंगतीतून थोडी मागे सरकली असेल, पण जमिनीत ती आजही शाबूत आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा ही नावे जाऊन समतानगर, भीमनगर अशी नावे यावीत. निर्णय स्वागतार्ह आहे. पण पाटी बदलल्याने हद्द बदलत नाही. एकोपा तपासायची आपली मोजपट्टी साधी आहे. पाण्याची टाकी कुठे आहे आणि शेवटचा नळ कोणाचा? स्मशानभूमी एक आहे की दोन? १४ एप्रिलची मिरवणूक गावाच्या मुख्य चौकातून जाते की तिला वळसा घ्यायला लावतात? ज्या गावात या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतात, त्या गावाला एकोप्याचे गाव म्हणू. सप्ताहाच्या पंगतीचा फोटो हा एकोप्याचा पुरावा होत नाही.

आता जमिनीकडे येऊ. पुण्याच्या पश्चिमेला आज जमिनीला सोन्याचा भाव आहे. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांची नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. आता हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे, गहुंजे ही सात गावे तिच्यात घेण्याची चर्चा वर्षानुवर्षे सुरू आहे. कासारसाई या सातांत नाही, पण नेरे आहे, आणि नेऱ्याच्या पुढचे गाव कासारसाई आहे. म्हणजे आज जे नेऱ्याच्या दारात आहे ते उद्या कासारसाईच्या दारात येणार.

अशा वेळी आपल्या माणसाकडे काय असते? बहुतेकांकडे गुंठाभर घरजागा. काही घरांकडे वतनाची जमीन. ही वतनाची जमीन म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या वेठबिगारीची निशाणी. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ही गुलामी सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदारांना जमिनी फेरप्रदान झाल्या, त्या मात्र नवीन शर्तीने. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही. ही अट म्हणजे आपल्या हातातले संरक्षण आहे. पण वारसनोंदी अर्धवट, कागद तलाठ्याकडे, मुले शहरात आणि दारात कुलमुखत्यारपत्र घेऊन उभा असलेला एजंट, अशी गाठ पडली की संरक्षण कागदावरच राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहरातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. शेकडो कोटींची जमीन, आणि मूळ वतनदारांची कुटुंबे न्याय मागत रस्त्यावर! मुंढव्याला जे घडले ते मुळशी-मावळात घडणार नाही, असे समजणारा भोळा तरी आहे किंवा भागीदार तरी.

वस्तीचा हिशेब हा गावाच्या ओळखीतला एक भाग झाला. दुसरा भाग त्याहून अंधारात आहे. तो म्हणजे कारखान्याभोवतीच्या खोप्या.

साखर कारखाना सहकारी आहे. सहकार म्हणजे सर्वांचा, असे आपल्याला शाळेत शिकवले. पण कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला शेत लागते, ऊस लागतो. ऊस तोडणारा कधीच सभासद होत नाही. तो मुकादमाकडून उचल घेतो, दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून बायकापोरांसह निघतो आणि कारखान्याच्या तळावर पाचटाची, ताडपत्रीची खोपी घालतो. त्याची मोजणी कशी होते? 'कोयता' म्हणून. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. दोन जिवंत माणसांची गणती एक हत्यार म्हणून!

अमेरिकेचा इतिहास इथे आठवावा. तिथे १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. हजार-दोन हजार वस्तीच्या एखाद्या छोट्या 'बरो'चीही वंशवार, वयवार, मालक किती आणि भाडेकरू किती अशी माहिती तिथे कोणालाही पाहता येते. पण त्याच देशाच्या मूळ संविधानात प्रतिनिधित्वाच्या हिशेबासाठी गुलामाला पाचात तीन भाग माणूस धरले होते. मतदानाचा हक्क मात्र शून्य. कोणाला किती मोजायचे, हे नेहमी सत्ता ठरवते. तिथल्या काळ्या माणसाने तीन-पंचमांशाचा हा हिशेब यादवी युद्धानंतर घटनादुरुस्तीतून पुसायला लावला. आपल्याकडचा अर्धा कोयता अजून तसाच आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये कासारसाईचे नाव महाराष्ट्रभर गेले. ऊसतोड मजुरांच्या कुटुंबांतल्या दोन लहान मुलींवर इथे अत्याचार झाला. त्यातली एक मुलगी दगावली. चार दिवस बातम्या आल्या, नेते आले, निवेदने निघाली. मग धरण पुन्हा धरण झाले आणि गाव पुन्हा निसर्गसंपन्न झाले. महिना लक्षात घ्या : सप्टेंबर. गळीत हंगाम तेव्हा सुरू नसतो. म्हणजे 'ही हंगामापुरती आलेली माणसे' हे वर्णनही पुरते खरे नाही. बारमाही राहणारी माणसेही कागदावर पाहुणीच राहतात. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली माणसे. यांची नावे त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्या तळावर दिवा, शौचालय, पाळणाघर नसेल तर ग्रामसभेत बोट ठेवायला कोणी नाही. मूळ गावी ती घराबाहेर आणि इथे ती गावाबाहेर. आयटीतला भाडेकरूही बाहेरचाच असतो. त्याच्यासाठी रस्ता रुंद होतो, मेट्रो येते. ऊस तोडणाऱ्या आईच्या मुलीसाठी मात्र एक बल्ब लागत नाही.

मोजल्याशिवाय अन्याय दिसत नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, ही माहिती २०१९ मध्ये सरकारला विधान परिषदेत द्यावी लागली. मोजले तेव्हा राज्य हादरले. त्याआधी त्या बायकांच्या पोटदुखीला कोणी प्रश्न मानत नव्हते.

काही कार्यकर्ते म्हणतील, "ऊसतोड मजूर अनेक जातींचे. आपला त्यांच्याशी काय संबंध?" संबंध बाबासाहेबांनीच जोडून ठेवला आहे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. खोती रद्द करण्यासाठी १९३७ मध्ये विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्या मोर्चात महार कुळे होती आणि कुणबी कुळेही होती. ज्याच्या श्रमावर गाव चालते आणि ज्याला गाव आपला म्हणत नाही, तो आपला माणूस. एवढी साधी व्याख्या आहे.

मग करायचे काय? घोषणा पुष्कळ झाल्या, आता वही-पेन घ्या. जातींची नोंद घेणारी पुढची जनगणना २०२७ मध्ये होत आहे. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे प्रत्यक्ष माणसे मोजण्याचे काम फेब्रुवारीत. हा ऊसतोडीचा काळ. आपल्या जनगणनेची पद्धत अशी की जो माणूस गणनेच्या संपूर्ण काळात घरी नसतो, त्याची नोंद घरी होत नाही. तो जिथे आहे तिथे व्हावी लागते. म्हणजे प्रगणक कारखान्याच्या तळावर गेला नाही, तर हे कुटुंब बीडमध्येही नाही आणि कासारसाईतही नाही. जातींची गणना होणार आणि सर्वांत खालचा माणूसच त्यातून गळणार! म्हणून प्रत्येक साखर कारखान्याच्या परिसरातल्या भीमसैनिकांनी आत्तापासून तहसीलदारांना लेखी विचारावे : तळावरच्या खोप्या कोणत्या गणना गटात धरल्या आहेत? गणनेच्या दिवसांत दोन कार्यकर्ते तळावर हजर राहावेत.

दुसरे काम वस्तीच्या कागदांचे. घरोघर जाऊन सातबारा, आठ-अ आणि फेरफार गोळा करा. वतनाची जमीन कुठे, वारस कोण, 'इतर हक्कात' कोणाची नावे शिरली आहेत, ते एका वहीत लिहा. विक्रीचा कोणताही कागद पुढे आला तर सही करण्याआधी तो वस्तीत वाचला जाईल, असा ठराव विहारात करा.

तिसरे काम पैशाचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातली १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. शहर जवळ आले की इमारती वाढतात, घरपट्टी वाढते, म्हणजे ती १५ टक्के रक्कमही वाढते. गेल्या पाच वर्षांत ती किती झाली आणि कशावर गेली, हे माहिती अधिकारात मागा. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. चारही सभांना वस्तीतल्या बाया-माणसांनी गेलेच पाहिजे आणि आपला प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतलाच पाहिजे. कारण गाव महानगरपालिकेत गेले की ग्रामसभा संपते. आज हातात असलेले हे व्यासपीठ उद्या नसेल.

या तीन वह्या भरल्या की जे तयार होईल ती गावाची खरी ओळख. कासारसाईच्याच नव्हे, पुण्याभोवतीच्या प्रत्येक गावाच्या तरुणांनी ती लिहावी. बिल्डरच्या माहितीपत्रकाला उत्तर द्यायचे तर ते अशा वहीनेच देता येईल.

कासारसाईहून देहूरोड फार दूर नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली तोही २५ डिसेंबरच होता. दरवर्षी त्या दिवशी हजारो अनुयायी देहूरोडच्या धम्मभूमीवर येतात, वंदना करतात, पुस्तके घेतात आणि परत जातात. २५ डिसेंबरला उसाचा हंगाम भरात असतो. येत्या २५ डिसेंबरला वंदना झाल्यावर पुण्या-पिंपरीच्या प्रत्येक विहारातून पाच जणांनी जरी वही घेऊन जवळच्या कारखान्याच्या तळावर जायचे ठरवले, तर एका दिवसात शेकडो खोप्यांची नोंद होईल. मनुस्मृतीने माणसाची प्रत ठरवली होती. आपण त्याच दिवशी प्रत्येक माणसाला एक पूर्ण माणूस म्हणून मोजू.

जय भीम!