सोमवारी वायरमन येतोय

"लाईट गेल्यावर तुझा इंटरनेटवाला फोन चालेल का?" साहेबांनी परवा पुन्हा विचारलं. नाही चालणार, साहेब. पण आपलं ईपीएबीएक्स तरी कुठे हवेवर चालतं? त्यालाही बॅटरी लागतेच की!

मंडळी, मार्च २०२० आठवतोय? लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे घरी, आणि गिऱ्हाइकांचे फोन कुलूपबंद ऑफिसात वाजतायत. रिसेप्शनच्या बाई रोज विचारायच्या, "माझी नोकरी राहील ना?" काम होतं, बाई होत्या, फक्त फोन भिंतीला बांधलेला! आणि म्हणे आम्ही सॉफ्टवेअर कंपनी.

व्हीओआयपीमध्ये एक्स्टेन्शन वायरला नाही, लॉगिनला चिकटलेलं असतं. जिथे नेट, तिथे फोन. यात नवीन काहीच नाही हो. अ‍ॅस्टेरिस्क १९९९ पासून फुकट मिळतंय, छोट्या ऑफिसला एक जुना पीसी पुरतो. एका कॉलला जाता-येता प्रत्येकी शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. दुपारी जेवताना साहेब जे क्रिकेट बघतात, ते याच्या कित्येक पट खातं (हे त्यांना सांगितलेलं नाही).

असो. सोमवारी वायरमन येतोय. टेबलं सरकवली ना, तीन एक्स्टेन्शन्स हलवायची आहेत.