अब्बांची पद्मिनी: आधी ब्रेक, मग इंजिन

घरात एखादी वस्तू अशी असते, जी वापरात नसते आणि भंगारातही देववत नाही. आमच्याकडे ती म्हणजे अब्बांची पद्मिनी. मुंबईची नोकरी संपवून अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी आले, तेव्हा तीही सोबत आली. त्यांच्या इंतकालानंतर अकरा वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अम्मी दर ईदला तिच्या काचा पुसायची.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाने ठरवले, गाडी चालू करायची आणि अम्मीला फिरवून आणायचे. नवी बॅटरी आणली. सेल्फ मारणार तोच गावातले जुने मिस्त्री चाचा आले आणि त्यांनी चावीच काढून घेतली.

"अकरा पावसाळे झालेत तिला. आत काय गंजलंय ते न बघता फिरवलंस, तर चालू व्हायची ती मोडून बसेल."

आपल्यापैकी बऱ्याच घरांत अशी गाडी असेल, म्हणून चाचांनी काय केले ते क्रमाने सांगते.

बॅटरी सोडवून त्यांनी आधी वायरिंग पाहिले. उंदरांनी दोन ठिकाणी तारा कुरतडल्या होत्या. अशा उघड्या तारांत वीज सोडली, तर आग लागायला वेळ लागत नाही. मग टाकीतले जुने पेट्रोल काढले. त्याला पेट्रोलचा नव्हे, वॉर्निशसारखा वास येत होता. पेट्रोल वर्षानुवर्षे राहिले की त्याचा चिकट थर बसतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. म्हणून टाकी धुतली, कार्बोरेटर खोलून साफ केला, फिल्टर बदलला. पेट्रोलचे रबरी पाइपही सगळे नवे घातले. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने लवकर खराब होते.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडले आणि म्हणाले, "आता उद्या." दुसऱ्या दिवशी प्लग बाहेरच ठेवून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आम्ही ती हळूच ढकलली. इंजिन फिरले, जाम नव्हते. मग जुने ऑइल बदलले, रेडिएटर धुऊन पाणी भरले, फॅन बेल्ट बदलला, पॉइंट घासले. तेव्हा कुठे सेल्फ मारला. चौथ्या प्रयत्नाला ती धूर सोडत सुरू झाली. अम्मी ओट्यावर उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले.

भाऊ लगेच म्हणाला, "अम्मी, बस. नाक्यापर्यंत जाऊन येऊ."

चाचांनी त्याला ब्रेक दाबायला सांगितला. पेडल थेट तळाला गेले.

आमच्या घरापुढे सरळ उतार आहे आणि खाली शाळेचे वळण. चाके खोलली, तर चारपैकी तीन व्हील सिलिंडर आतून गंजलेले, रबर फुगलेले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर, ब्रेकचे होज, सगळे बदलावे लागले. टायरवर नक्षी चांगली दिसत होती, पण कडांना भेगा होत्या. तेही नवे घेतले. यात तीन आठवडे गेले. त्या दिवशी आम्ही आनंदाच्या भरात उतारावर गेलो असतो, तर अम्मी गाडीत होती, एवढेच मनात येते.

कागदांचेही तसेच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. गाडी अजून अब्बांच्याच नावावर होती. वारसांच्या संमतीने ती अम्मीच्या नावे करणे, विमा, पीयूसी, हे सगळे झाल्यावरच ती रस्त्यावर आली. ही कामे लांबवू नका. मालक हयात नसलेल्या गाडीचा अपघात झाला, तर घरातल्यांनाच त्रास होतो.

मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र दर रविवारी अर्धा तास चालते. चाचांचा तसा हुकूमच आहे. चालवल्याने गाडी झिजते, पण उभी ठेवल्याने कुजते.

पहिल्या फेरीला भावाने अम्मीसाठी पुढचा दरवाजा उघडला. ती मागे जाऊन खिडकीशी बसली. "पुढे तुम्ही मुलं बसायचात," ती म्हणाली, "माझी जागा हीच."