श्रद्धेला दंड लावणारा परिच्छेद

२५ डिसेंबर हा दिवस भिंगारमध्ये दोन कारणांनी पाळला जातो. चर्चमध्ये नाताळची उपासना होते आणि बौद्ध वस्तीत मनुस्मृती दहन दिनाची सभा होते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली ती याच तारखेला. दोन्ही ठिकाणी जमणाऱ्यांची आडनावे मात्र पुष्कळदा एकच असतात. भिंगारदिवे, साळवे, गायकवाड. पणजोबा एक, महारवाडा एक. एका भावाचा वंश १९५६ नंतर धम्मात आला, दुसऱ्याचा त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ताकडे गेला. असे असूनही आपल्या बैठकांतून या भावंडांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘ते दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी बाटले’ हे पहिले, आणि ‘आता ते आपल्या आरक्षणात वाटा मागतात’ हे दुसरे. आंबेडकरी कार्यकर्त्याने ही दोन्ही वाक्ये कायद्याच्या आणि इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहिली पाहिजेत.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. मिस सिंथिया फॅरार यांच्या येथील मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांचे घर मोडले, नातलगांनी पाठ फिरवली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे ती वेदना मराठी साहित्यात कायमची नोंदली गेली. पण नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती झालेल्या हजारो महार-मांगांची स्मृतिचित्रे कोणी लिहिली? गावगाड्यात त्यांच्याजवळ होते काय, तर येसकरी, बलुते आणि वतनाचा एखादा तुकडा. धर्म बदलला की जातभाई पंगतीतून उठवीत आणि गाव बलुत्याला हात आखडता घेई. विहीर पूर्वीही बंद होती, बाप्तिस्म्यानंतरही ती खुली झाली नाही. जातिबहिष्कृताचा वारसाहक्क वाचवणारा कायदा इंग्रजांनी १८५० साली केला होता. त्याने कागदावर वाटणी वाचली. पंगत आणि बलुते वाचवण्याची ताकद त्या कायद्यात नव्हती.

१८७६-७७ च्या दुष्काळात आणि नंतर अनेक जण मिशनच्या दाराशी गेले, हे खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. ज्यांच्या कोठारात धान्य होते त्यांनी महारवाड्याकडे पाहिले नाही आणि परक्याने भाकर दिली, यात शरम कोणाला वाटायला हवी? शिवाय धान्याचाच व्यवहार असता तर दुष्काळ सरल्यावर तो संपायला हवा होता. पाचव्या-सहाव्या पिढीतला माणूस आज कोणत्या धान्यासाठी चर्चमध्ये जातो, याचे उत्तर ‘बाटले’ म्हणणाऱ्यांनी द्यावे.

आता खरे प्रलोभन कोठे आहे ते पाहू. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीतून बाहेर काढले. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात घातले आहे, म्हणजे राखीव मतदारसंघ नाही आणि ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही नाही. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. जातीवाचक शिवी देणारा समोरच्याचा बाप्तिस्म्याचा दाखला बघत नाही. कायदा मात्र तो बघतो.

ओडिशाने १९६७ साली, मध्य प्रदेशाने १९६८ साली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी प्रलोभनाने होणारी धर्मांतरे रोखण्यासाठी कायदे केले. त्याच देशात दलित ख्रिस्त्यापुढे सरकारने स्वतःच केवढे प्रलोभन ठेवले आहे! एका अर्जावर हिंदू लिही, शिष्यवृत्ती घे, राखीव जागा घे, संरक्षण घे. पाऊणशे वर्षे हे आमिष समोर असताना जे गरिबीत राहून येशूचे नाव सोडत नाहीत, त्यांची श्रद्धा विकत घेतलेली आहे असे म्हणणे हा उघड अन्याय आहे. काही कुटुंबे कागदावर एक आणि रविवारी दुसरे असे जगतात. त्यांना लबाड ठरवणे सोपे आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या प्रकरणात केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाशी प्रतारणा ठरवली. पण खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला लाभ अशी रचना ज्या परिच्छेदाने केली, त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

या दंडाची झळ आपल्याला नवी नाही. डी. पी. मेश्राम या नावाने कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेला खटला प्रत्येक बौद्ध कार्यकर्त्याला माहीत असावा. १९६२ च्या निवडणुकीत ते नागपूरकडील राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारल्याचे उघड जाहीर केले होते, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि त्यांची निवड टिकली नाही. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींपासून आपण वंचित होतो. राज्याने काही सवलती आधी दिल्या, तरी दिल्लीचे दार बंदच होते. त्या काळात ज्या बापाने पोराच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले आणि नोकरी गमावली, त्याला आपण निष्ठावंत म्हणतो. मग तेच करणारा शेजारचा ख्रिस्ती निष्ठावंत का नाही?

मद्रासच्या रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या सूसाईचा खटला १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. अनुसूचित जातीच्या चर्मकारांना सरकारने मोफत टपऱ्या दिल्या. त्याच फूटपाथवर तेच काम करणाऱ्या सूसाईला ख्रिस्ती म्हणून नाकारली. धर्मांतरानंतरही तेवढेच मागासलेपण टिकून आहे याचा पुरेसा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले. उन्हात बसलेला माणूस हाच पुरावा होता. २००८ साली ओडिशातील कंधमालमध्ये पाण जातीच्या ख्रिस्त्यांची घरे जाळली गेली, माणसे जंगलात पळाली. गावात यायचे तर हिंदू होऊन या, असे त्यांना बजावले गेले. अनेकांनी छावणीतले हाल पत्करले, पण ती अट पत्करली नाही.

चर्चलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला खडे बोल सुनावले होते. चर्चने जात मोडली नाही आणि अन्यायाविरुद्ध संघटित लढाही उभारला नाही, ही त्यांची टीका होती. सोयरीक जुळवताना महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती असा हिशेब आजही होतो. प्रार्थनेने सोसण्याचे बळ मिळत असेल, पण हक्क मिळवायला मोर्चा, अर्ज आणि न्यायालय लागते. ख्रिस्ती तरुणांनी हे बाबासाहेबांकडून शिकावे.

राहिला वाट्याचा प्रश्न. आपली भीती खोटी नाही. आहे त्याच भाकरीचे आणखी तुकडे करणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून मागणी स्पष्ट हवी: तिसरा परिच्छेद रद्द करा आणि जेवढी लोकसंख्या वाढेल तेवढे आरक्षण वाढवा. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली हा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली होती. ती बासनात पडली. पुढे २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला आणि त्याची मुदत वाढवत नेली गेली. भांडण सरकारशी आहे, शेजाऱ्याशी नाही. दोन भुकेल्यांना एकमेकांवर सोडून देण्याची खेळी मनुवाद्यांना नवी नाही.

आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. ईश्वर मानत नाही, मानणारही नाही. परंतु माणसाने आपली सदसद्विवेकबुद्धी पोटासाठी गहाण टाकू नये, हे बाबासाहेबांनी १९३५ साली याच नगर जिल्ह्याला लागून असलेल्या येवल्यातून सांगितले. त्या तत्त्वावर जे उपाशीपोटी उभे आहेत, त्यांचा देव कोणता हे विचारत बसू नका. येत्या सभेत तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धचा ठराव मांडा, चर्चच्या पंचांना सभेला बोलवा आणि निवेदनावर दोघांच्या सह्या घेऊन जिल्हाधिकारी कचेरी गाठा. जयभीम!