हाऊसिंग शेवटी घ्या, आधी ग्राहक मोजा



मागच्या बॅचमधला एक पोरगा परवा दुकानात आला. प्री-वेडिंगची कामं करतो, हात चांगला आहे. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, हे वॉटरप्रूफ हाऊसिंग पायलं म्या यूट्यूबवर. सर्फिंगचे फोटो काढणारे वापरतात. सव्वा लाखाचं हाय. लोन काढून घेऊ का?"

मी विचारलं, "बाप्पा, लाट कुठे आहे आपल्या बुलढाणा जिल्ह्यात?"

तो हसला. म्हणाला, "सीझनमध्ये मालवणला जाईन ना."

कल्पना वाईट नाही. म्हणून मी त्याला नाही म्हटलं नाही. त्याच्यासोबत बसून हिशोब केला. तोच हिशोब आणि माझं मत आज इथे लिहितोय. मत आधीच सांगून टाकतो: पाण्यातल्या फोटोग्राफीच्या धंद्यात हाऊसिंग ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. आधी कोणत्या पाण्यात उभं राहायचं आणि तिथे पैसे कोण देणार, हे ठरवा.

पाणी तीन प्रकारचं

पहिलं, शांत आणि उथळ पाणी. म्हणजे स्विमिंग पूल, रिसॉर्ट, पाण्यातलं प्री-वेडिंग. दुसरं, लाटेचं पाणी, म्हणजे सर्फिंग. तिसरं, खोल पाणी, म्हणजे स्कूबा.

या तिन्हींसाठी वेगवेगळी हाऊसिंग बनतात. दुकानदार मात्र एकच प्रश्न विचारतो, "किती मीटरचं पाहिजे?" आणि आपण जास्त मीटरचं ते चांगलं समजतो. इथेच पैसे वाया जातात.

दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक वातावरणाइतका वाढतो. त्यामुळे स्कूबाचं हाऊसिंग जाड, जड आणि सगळ्या बटणांचं असतं. सर्फिंगवाला एवढा खोल जातच नाही. तो पोहत, डुबक्या मारत लाटेच्या तोंडाशी असतो. त्याला हलकं हाऊसिंग लागतं, पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीवरच शटरचा ट्रिगर लागतो, मनगटाला बांधायचा पट्टा लागतो. ॲक्वाटेक किंवा एसपीएलसारख्या कंपन्यांची सर्फ हाऊसिंग अशी असतात. आयकेलाइट किंवा नॉटिकॅम ही नावं जास्त करून डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी असतात. ६० मीटरचं जड हाऊसिंग घेऊन लाटेत उतरलात तर हात भरून येतील आणि फोटो हुकेल.

अजून एक. मोबाईलवर 'आयपी ६८' लिहिलेलं पाहून फसू नका. त्या चाचण्या साध्या, स्थिर पाण्यात होतात. लाट आपटते, पाणी खारं असतं, त्यात रेती असते. तिथे त्या आकड्याचा भरवसा धरू नये.

हिशोब वहीवर करा

समजा हाऊसिंग, लेन्सचा पोर्ट, कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि कुरिअर धरून १,५०,००० रुपये लागले. एका शूटमागे खर्च जाऊन हातात २,००० उरले, तर फक्त पैसे वसूल व्हायला ७५ शूट लागतील. महिन्याला ८ शूट धरले तर नऊ महिने पूर्ण जाऊन दहावा लागतो. कोकणात पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. ऑक्टोबर ते मे धरला तर सीझनच आठ महिन्यांचा. म्हणजे पहिला अख्खा सीझन तुम्ही हाऊसिंगसाठी काम करणार, आणि लोनचं व्याज वेगळं.

आता दुसरी बाजू. चांगला ॲक्शन कॅमेरा सामानासकट ४०,००० ला धरा. त्याच दराने २० शूटमध्ये वसूल, म्हणजे अडीच महिने. गोप्रोचे हिरो ५ पासूनचे मुख्य मॉडेल वेगळ्या हाऊसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात. डीजेआयचा ॲक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत. त्याहून खोल जायचं असेल तर छोटी केस मिळते.

मी घरच्यांसोबत मालवणला गेलो होतो तेव्हा मुद्दाम निरीक्षण केलं. तिथे स्कूबाच्या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा व्हिडिओ आधीच धरलेला असतो. पर्यटकाला काय पाहिजे? माशांसोबतची आपली क्लिप, संध्याकाळच्या आत मोबाईलवर. कोणत्या कॅमेऱ्याने काढली हे एकानेही विचारलं नाही. ज्या गोष्टीचे पैसे ग्राहक देत नाही, तिच्यासाठी दीड लाखाचं लोन काहून घ्यावं?

"पण दादा, क्वालिटी?"

हा प्रश्न रास्त आहे. ॲक्शन कॅमेऱ्याची लेन्स खूप वाइड असते. सर्फर दहा-पंधरा फुटांवर गेला की फोटोत बाहुल्याएवढा दिसतो. मासिकाला, ब्रँडला किंवा स्पर्धेला फोटो द्यायचा असेल तर मोठा कॅमेरा लागतोच.

पण स्पर्धेतल्या कितीतरी फोटोंसाठी फोटोग्राफर पाण्यात उतरतच नाही. ४०० किंवा ६०० एमएमची लेन्स ट्रायपॉडवर लावून किनाऱ्यावरूनच काम होतं, आणि अशी लेन्स पुण्या-मुंबईत भाड्याने मिळते. खरी सर्फिंगची दुनिया पाहायची असेल तर कर्नाटकात मुळकीला जा किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला जा. मंगळुरूकडे इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा होते. एकदा प्रेक्षक म्हणून जाऊन या. किनाऱ्यावरून किती जण काढतात आणि पाण्यातून किती, हे स्वतः मोजा. रेल्वेच्या तिकिटात मिळणारं हे शिक्षण सव्वा लाखापेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

आणि एक सापळा कोणी सांगत नाही. कडक हाऊसिंग बहुतेक वेळा एकाच कॅमेरा मॉडेलच्या मापाचं असतं. दोन वर्षांनी कॅमेरा बदलला की हाऊसिंग कपाटात. कॅमेऱ्याला सेकंडहँड गिऱ्हाईक चिखलीतही मिळेल, त्या हाऊसिंगला खामगावात कोण विचारणार? म्हणून घ्यायची वेळ आलीच तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच करा: कॅमेरा बदलला तर याचं काय होईल, फक्त मागचा भाग बदलून चालेल का?

माझा बुडालेला कॅमेरा

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. २०१७ ची गोष्ट. एका फार्महाऊसच्या पूलमध्ये शूट होतं. मी ऑनलाइन एक प्लास्टिकचं वॉटरप्रूफ पाऊच मागवलं आणि कॅमेरा टाकून थेट पाण्यात उतरलो. वीस मिनिटांत पाऊचच्या तळाला पाणी दिसलं. बाहेर काढून पाहिलं तर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा एक धागा सीलमध्ये अडकलेला. चूक माझीच. कार्ड वाचलं, नवरा-नवरीचे फोटो वाचले, पण कॅमेरा गेला. दुरुस्तीचा आकडा जुन्या बॉडीच्या किमतीपेक्षा मोठा. त्या वर्षीची उरलेली लग्नं मी भाड्याच्या कॅमेऱ्यावर केली आणि सीझनचा नफा भाड्यात गेला. घरी कित्येक दिवस कोणी मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत. तुम्ही कोणतंही हाऊसिंग घ्या, हे पाळा:

१. पहिल्यांदा कॅमेरा न घालता बुडवा. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि बादलीत अर्धा तास दाबून धरा. टिश्यू ओला तर हाऊसिंग परत.

२. ओ-रिंग म्हणजे आपल्या कुकरची रिंगच समजा. एक केस किंवा रेतीचा एक कण अडकला तरी पाणी आत. दर वेळी पुसा, बोटाने फिरवून पाहा, कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा.

३. कॅमेरा खोलीवरच बंद करा. बॅटरी फुल, कार्ड रिकामं, सेटिंग लावलेलं. किनाऱ्यावर रेतीत हाऊसिंग उघडायची वेळ येऊ देऊ नका. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर काचेवर आतून वाफ धरते.

४. पोर्ट लेन्सप्रमाणे घ्या. अर्धं पाणी, अर्धं आकाश असा फोटो पाहिजे तर वाइड लेन्स आणि मोठा घुमटासारखा डोम पोर्ट. सपाट पोर्टमधून पाण्याखाली वस्तू मोठी आणि जवळ दिसते, वाइड लेन्सचा पसारा कमी होतो.

५. समुद्रातून आल्यावर हाऊसिंग न उघडता गोड्या पाण्यात भिजत ठेवा आणि बटणं दाबत राहा. मीठ बटणात वाळलं की पुढच्या वेळी तिथूनच गळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हाऊसिंग कॅमेऱ्याला वाचवतं, तुम्हाला नाही. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका, तो खर्च यादीत पहिला लिहा. आपल्या धरणांत रीलच्या नादात उतरू नका. आणि लोणारच्या सरोवरात तर कॅमेरा बुडवायचा विचारही नको. ते अभयारण्य आहे.

मग त्या पोराने काय केलं?

लोन सध्या थांबवलं. माझ्याच दुकानातून ॲक्शन कॅमेरा घ्यावा असंही मी म्हटलं नाही. आधी एका मित्राचा भाड्याने घे आणि जवळच्या रिसॉर्टच्या पूलमध्ये पाच जोडप्यांचं शूट पैसे घेऊन कर, फुकट नको, असं सांगितलं. पाच जण पैसे देतात का ते कळेल. दिले तर कॅमेरा घे, मालवणला जा. तिथे एका सीझनमध्ये मोठ्या कॅमेऱ्याची मागणी दहा ग्राहकांनी तोंडाने केली, तर मी स्वतः तुझ्यासोबत हाऊसिंग निवडायला बसतो.

आजपर्यंत दोन जोडप्यांनी ॲडव्हान्स दिलाय. बाकी तीन मिळाले की पुढचं सांगतो.

तुम्हीही आज वही काढा. जी मशीन, जी वस्तू घ्यायचं मनात आहे तिचं नाव लिहा, आणि खाली तिचे पैसे देणाऱ्या पाच खऱ्या माणसांची नावं लिहा. पाच नावं भरली नाहीत तर खरेदी पुढच्या महिन्यावर ढकला.