घास घालावा, पण बेताने

कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मराठी घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. आम्हा हिंगोलीकरांना ती जरा जास्तच जवळची, कारण महाराजांचे जन्मस्थान म्हणून पूजले जाणारे नरसी आमच्याच जिल्ह्यात आहे. दारच्या कुत्र्याला चतकोर टाकावा, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. अलीकडे तर विकतच्या विलायती पिल्लाऐवजी शहरातल्या प्राणिनिवाऱ्यातले किंवा गल्लीतलेच अनाथ कुत्रे घरी आणणारी कुटुंबे मला भेटतात. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण असे कुत्रे पहिल्या पंधरवड्यात आजारी पडते, ते पुष्कळदा उपासमारीने नव्हे, तर लाडाने, हेही सांगायला हवे.

नवा पाहुणा आला की आपण दूधभात, तूप, मटणाची हाडे असा थाट मांडतो. पण बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही, जुलाब लागतात. तूप-चरबी एकदम जास्त झाली तर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते. शिजलेले हाड फुटून आतड्यात रुतते. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतो, म्हणून फोडणीचे कालवण नकोच. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट तर विषच.

मग घालावे काय? पहिले तीन-चार दिवस ते पूर्वी जे खात होते तेच, थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा. मग आठवडाभरात हळूहळू घरचे अन्न सुरू करावे : मऊ भात किंवा भिजवलेली ज्वारीची भाकरी आणि सोबत उकडलेले अंडे किंवा बिनहाडाची, बिनमसाल्याची कोंबडी. नुसत्या भाकरीवर अंग धरत नाही. बरगड्या मोजता येतील इतके खंगलेले जनावर असेल, तर त्याला एकदम पोटभर घालणेही धोक्याचे. रक्तातले क्षार बिघडतात. अशा वेळी किती घालायचे ते पशुवैद्यकांनाच विचारावे. नव्या जागी बुजलेले कुत्रे एखादा दिवस तोंड लावत नाही. त्याला पाणी ठेवावे, बळजबरी करू नये. पण पिल्लाला उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले, तर उद्यावर ढकलू नये. तो पार्व्हो असू शकतो आणि त्यात तासातासाला मोल असते.

आणल्याबरोबर दोन दिवसांत जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि लसी, एवढे पाहून घ्यावे. तीन महिन्यांच्या पुढच्या कुत्र्याला रेबीजची लस हवीच, आणि पुढेही ती डॉक्टर सांगतील तेव्हा टोचून घ्यायची. घरात लेकरे असतात. कुत्रे चावले वा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून बसू नये. रेबीज एकदा उलटला की उपाय जवळपास उरत नाही. आमच्याकडे पशुवैद्यकीय दवाखाना म्हटला की डोळ्यांपुढे गाय-बैलच येतात. पण कुत्र्यालाही तिथेच न्यायचे, त्यात संकोच कसला? अवघड दुखण्यासाठी परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहेच.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. लाड ओसरले, आजारपणाचा खर्च वाढला, की ते कुत्रे गुपचूप गावाबाहेर सोडून यायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. भटक्या कुत्र्यांबाबतच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली आहे. कायद्याचे सोडा, ज्याला एकदा आपला उंबरठा दाखवला, त्याला पुन्हा उकिरडा दाखवणे माणुसकीत बसत नाही. नामदेव महाराजांच्या कथेतले तूप आपण लक्षात ठेवले, पण त्यांचे धावणे विसरलो. जनावर आपल्या दारी आले की ते बरे होईपर्यंत आणि पुढेही त्याच्यामागे धावायची तयारी असेल, तरच त्याच्या गळ्यात पट्टा बांधावा. तेवढी नसेल, तर अंगणातला चतकोर आणि उन्हाळ्यातली पाण्याची कुंडी, एवढेही पुण्य थोडे नाही.